सुतळीच्या वर की खाली?

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी आमच्या नंदनवन वस्तीच्या गल्ल्यांतून लाकडी नंदी निघतात. चार चाकांच्या पाटावर उभा केलेला नंदी, शिंगांना बेगड, गळ्यात झेंडूची माळ आणि दोरी धरून पुढे चाललेलं नटलेलं पोरगं. घरोघरी ओवाळणी होते, हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, पडतो. गेल्या पोळ्याला आमच्या दारासमोर असे दोन नंदी एकामागोमाग आले. आमची गल्ली जिथे सिमेंटच्या रस्त्याला मिळते तिथे चार बोटांची पायरी आहे. रस्त्यावर सिमेंटचा थर चढला, शेजारची माती खालीच राहिली. पहिला नंदी बुटका होता, पाट जमिनीला टेकायला आलेला. पोराने दोरीला हिसका दिला, चाकं अडखळली आणि चढली. दुसरा नंदी देखणा, उंच खुंटांवर बसवलेला. त्याची पुढची चाकं त्याच पायरीला अडली आणि नंदी सरळ शिंगांवर आला.

माझा भाचा धावत गेला. नंदी उभा केला, रडणाऱ्या पोराची समजूत काढली, मग पाटाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “मामा, याचा बीबी वर हाये ना!”

नंदीला बीबी नसतो. पण त्याला काय म्हणायचं होतं ते मला लगेच कळलं, कारण कित्येक महिने घरात दुसरा विषय नव्हता. केडीके कॉलेजच्या बाजूला एक मोकळा प्लॉट आहे, तिथे तो आणि त्याचे दोन मित्र जुन्या लाकडी पॅलेटवर सायकल चढवायचा सराव करतात. जागच्या जागी उभं राहायचं, मागच्या चाकावर तोल धरायचा, तिथून उडी मारून पुढच्या पॅलेटवर जायचं, आणि हे सगळं जमिनीला पाय न लावता. या खेळाला ट्रायल्स म्हणतात. सायकल वेगाने पळवण्याशी त्याचा संबंध नाही. रिंग रोडवर भरधाव गाडीचं पुढचं चाक उचलणारी पोरं आणि ही पोरं यांना लोक एकाच मापाने मोजतात, त्याचं मला वाईट वाटतं. ट्रायल्स हा सायकलवरचा सगळ्यात सावकाश खेळ आहे.

आता बीबी. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. फ्रेमच्या नळ्या खाली जिथे एकत्र येतात तिथलं ते आडवं, आखूड नळकांडं. त्याच्या पोटात एक आस, दोन्ही बाजूंना कप, कपात छर्रे आणि आसाच्या टोकांना क्रँक. पायडल मारताना कटकट आवाज येतो म्हणून सायकल दुकानात नेली, की मिस्त्री क्रँक धरून आडवी हलवून बघतो आणि एका शब्दात सांगतो, “बीबी गेला.” बहुतेकांची बीबीशी ओळख एवढीच. पण सायकलवर उभं राहिलं की अंगाचा सगळा भार दोन पायडलांतून या एका नळकांड्यावर येतो. म्हणजे चालवणारा खरोखर जिथे उभा असतो ती जागा हीच. ती जागा दोन-चार सेंटिमीटर वर-खाली झाली तर सायकलचा स्वभाव बदलतो.

ही उंची दोन प्रकारे मोजता येते, आणि गोंधळ इथेच होतो. एक उंची जमिनीपासून बीबीच्या मध्यापर्यंत. दुसरी मोजायला सुतळी लागते. पुढच्या चाकाच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत सुतळी ताणायची आणि बीबीचा मध्य तिच्या किती वर किंवा किती खाली आहे ते पट्टीने बघायचं. पहिली उंची दगडाला पायडल आपटेल की नाही ते सांगते. तोल कसा वागेल ते दुसरी सांगते. ट्रायल्सवाले ‘प्लस पन्नास’, ‘प्लस ऐंशी’ असं बोलतात ते या दुसऱ्या मापाबद्दल. सुतळीच्या वर इतके मिलिमीटर.

एका रविवारी आम्ही अंगणात घरातल्या सायकली ओळीने लावल्या. माझ्या वडिलांची काळी, २८ इंची सायकल अजून आहे. त्या सायकलवर मी लहानपणी दांडीखालून पाय घालून कैची शिकलो. तिच्या दोन्ही आसांना सुतळी बांधली, तर बीबी सुतळीच्या सुमारे सहा सेंटिमीटर खाली. जमिनीपासून मोजला तर तीस सेंटिमीटरला थोडा कमी. भाच्याची २६ इंची, जाड टायरची, जुनी घेतलेली माउंटन सायकल. तिचा बीबी सुतळीच्या साडेतीन सेंटिमीटर खाली. स्पर्धेच्या ट्रायल्स सायकलींचे आकडे त्याने वहीत लिहून ठेवले होते. २६ इंची चाकाच्या सायकलींचा बीबी सुतळीच्या दोन, तीन, पाच सेंटिमीटर वर. २० इंची चाकाच्या सायकलींचा तर सात-आठ सेंटिमीटरपर्यंत वर. भाचा सुतळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आपल्या सगळ्या सायकली सुतळीला लटकून आहेत, आणि त्यांच्या सुतळीवर उभ्या आहेत.” इतकी नेमकी व्याख्या मला पुस्तकातही सापडली नव्हती.

साध्या सायकली सुतळीला लटकलेल्या का असतात, त्याचं उत्तर इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या त्या उंच सायकली आठवा, पुढे भलंमोठं चाक आणि मागे पिटुकलं. त्यांना वेगळा बीबी नव्हताच. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले आणि माणूस त्या चाकाच्या डोक्यावर बसलेला. रस्त्यात दगड आला की आमच्या गल्लीतल्या उंच नंदीसारखा तो डोक्यावरून पुढे जाऊन पडायचा. १८८५ साली इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर सायकल बाजारात आणली. चाकं जवळपास सारखी, पायडल दोन चाकांच्या मधे आणि साखळीने जोर मागच्या चाकाला. या रचनेला तेव्हा ‘सेफ्टी’ म्हणजे सुरक्षित सायकल म्हणत. माणूस चाकावरून उतरून दोन चाकांच्या मधे आला, भार खाली आला, आणि तेव्हापासून आजपर्यंत दूधवाल्याच्या सायकलीपासून शर्यतीच्या सायकलीपर्यंत बहुतेकांचा बीबी आसांच्या रेषेखालीच राहिला. खाली ठेवला की सीटही खाली येते, सिग्नलला पाय टेकतो, वळणावर सायकल भरवशाची वाटते. फक्त फार खाली नेता येत नाही, कारण वळताना आतलं पायडल रस्त्याला घासतं.

शंभर वर्षं जे शहाणपण चाललं ते ट्रायल्सने उलटं केलं. हा खेळ मोटारसायकलवरून सायकलवर आला, स्पेनच्या कॅटलोनियात. पेरे पी हे मोंटेसा मोटारसायकलींच्या जगातलं मोठं नाव. त्यांचा मुलगा ओट लहान होता आणि त्याला बापासारखं दगडधोंड्यांवरून जायचं होतं, म्हणून इंजिनाशिवायची छोटी ट्रायल्स सायकल घडली. खेळाचं तिथलं नावही ‘बिनमोटारीची ट्रायल’ अशाच अर्थाचं. ओट पी पुढे अनेकदा जगज्जेता झाला आणि पी कुटुंबाच्या मॉन्टी सायकली या खेळाची ओळख बनल्या. १९८६ पासून या खेळाच्या जागतिक स्पर्धा होतात, २० इंची आणि २६ इंची चाकांच्या वेगवेगळ्या गटांत. दगड, ओंडके, सिमेंटचे पाइप, लाकडी खोके यांवरून आखलेला तुकडा ठरलेल्या वेळात पार करायचा. पाय टेकला की दंड.

सुरुवातीच्या ट्रायल्स सायकलींचा बीबी आजच्यापेक्षा बराच खाली होता. खेळ जसजसा मागच्या चाकावर गेला तसतसा तो वर सरकत गेला. हे का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

मागच्या चाकावर उभं राहायचं म्हणजे शरीराचा भार मागच्या टायरच्या टेकलेल्या बिंदूच्या बरोबर वर आणायचा. पाय बीबीवर आहेत, आणि बीबी मागच्या आसाच्या पुढे आहे. हे अंतर २६ इंची ट्रायल्स सायकलीत सुमारे ३८ सेंटिमीटर असतं. सायकल मागे उलटत गेली की बीबी आसाभोवती गोल फिरत वर आणि मागे येतो, म्हणजे टायरच्या बिंदूजवळ येतो. आता समजा, तोल धरायला बीबी त्या बिंदूच्या ३० सेंटिमीटर पुढे असला तर जमतं. बीबी सुतळीवरच असेल, तर त्यासाठी सायकल सुमारे ३८ अंश मागे उलटावी लागते. बीबी सुतळीच्या आठ सेंटिमीटर वर असेल, तर तो आधीच बारा अंश ‘फिरलेला’ आहे. म्हणून २६ अंश पुरतात. दोन चाकांमधलं अंतर मीटरभर धरलं तर पहिल्या सायकलीचं पुढचं चाक तोलाच्या वेळी ६१ सेंटिमीटर हवेत जातं, दुसरीचं ४४. सतरा सेंटिमीटरचा फरक, जवळजवळ वीतभर. पुढचं चाक तितकं कमी उचलायचं, हँडल छातीपासून तितकं लांब आणि हाताच्या आवाक्यात राहणार, आणि पुन्हा खाली यायचं तर तितकं कमी पडायचं. ट्रायल्सवाल्याच्या आयुष्यात हा फरक मिनिटाला वीस वेळा येतो.

उंच बीबीची खरी कमाई ही आहे. माझ्या वाचनात आणि पोरांच्या बोलण्यात मात्र दोन दुसरीच कारणं सारखी येतात, आणि ती तपासून घेतली पाहिजेत.

पहिलं कारण काठीचं. तळहातावर पेन्सिल उभी राहत नाही, पण झाडूचा लांब दांडा राहतो. भार जितका उंच तितका तो सावकाश कलतो आणि हाताला सावरायला वेळ मिळतो. म्हणून म्हणे उंच बीबीवर तोल सोपा. तत्त्व बरोबर आहे, हिशेब फसवा आहे. सायकलवर उभ्या माणसाचा भार जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतो. त्यात आठ सेंटिमीटर वाढले तर कलण्याचा वेग जेमतेम तीन टक्क्यांनी मंदावतो. तीन टक्के पायाला कळतही नाहीत.

दुसरं कारण उडीचं. बीबी उंच म्हणजे पाय उंच, म्हणून उडी उंच, असं पोरं सांगतात. पाय उंच झाले हे खरं, पण चाक पायांच्या तितकंच खाली राहिलं. हवेत गुडघे पोटाशी घेतले तरी चाकाला दगडावर चढायचं आहे आणि ते पायांखाली लोंबतंय. एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने गेलं. चांगली उडी पायांच्या ताकदीतून आणि वेळ साधण्यातून येते. बीबी तिला उंची देत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सपाट जमिनीवर, दोन्ही चाकं टेकलेली आणि सायकल घरंगळत असताना, पुढचं चाक उचलायची एक जुनी युक्ती आहे. हात सरळ ठेवून ढुंगण मागे टाकायचं आणि पायांनी पायडल पुढे ढकलायचे. बीबी सुतळीच्या खाली असेल तर ही युक्ती मस्त चालते. झोपाळ्यावर बसून पाय पुढे ताणले की पाट पुढून उचलला जातो ना, तसंच. ढकलणारे पाय फिरण्याच्या आसाच्या खाली आहेत, म्हणून पुढचा भाग वर जातो. बीबी बरोबर सुतळीवर असला तर त्या आडव्या ढकलण्याने काहीच फिरत नाही. आणि सुतळीच्या वर असला तर ढकलल्याने पुढचं चाक उलट खाली दाबलं जातं. म्हणून उंच बीबीच्या सायकलीवर पुढचं चाक उचलायला हातांची ओढ आणि पायडलचा झटका लागतो. त्या झटक्यासाठी या सायकलींचं फ्रीव्हील क्रँकलाच बसवलेलं असतं आणि १०८ जागी पकड असलेली फ्रीव्हीलं मिळतात, म्हणजे पायडल तीन-साडेतीन अंश हललं की जोर चाकाला पोचतो. आपल्या रोजच्या सायकलीत पायडल त्याहून जास्त रिकामं फिरतं.

रस्त्यावरच्या भिंती, कठडे, पायऱ्या यांवर खेळणारे लोक म्हणूनच बीबी फार उंच घेत नाहीत. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा डॅनी मॅकॅस्किल २००९ साली एडिंबरा शहरातल्या कुंपणांवरून सायकल नेणाऱ्या एका चित्रफितीने जगभर पोचला. त्याची सायकल २४ इंची चाकांची. तो वेगाने येतो, दोन्ही चाकांवर उडतो, हवेत फिरतो आणि घरंगळत निघून जातो. त्याला दोन चाकांच्या मधे उभं राहायचं आहे. स्पर्धेतल्या खेळाडूला खडकाच्या टोकावर, एका टायरवर, काही सेकंद थांबून पुढची उडी ठरवायची आहे. खेळाचं नाव एक, पण उभं राहण्याच्या जागा दोन, म्हणून बीबीही दोन तऱ्हेचे.

२० इंची सायकलीला इतका मोठा आकडा का, याचं उत्तर साधं आहे. चाक लहान म्हणून आस जमिनीजवळ. सुतळी पंचवीस सेंटिमीटरवर आणि क्रँक मात्र सोळा-सतरा सेंटिमीटरची. बीबी सुतळीच्या खाली ठेवला तर पायडल प्रत्येक दगडाला लागेल. म्हणजे तिथे तोलाच्या हिशेबाबरोबर जागेची सक्तीही आहे. बीएमएक्स सायकलींचंही असंच. चाक २० इंची आणि बीबी जमिनीपासून साडेअकरा इंचांच्या आसपास, सुतळीच्या थोडा वर.

हीच सक्ती लहान मुलांच्या सायकलीत दिसते, आणि हा मुद्दा ट्रायल्सशी देणंघेणं नसलेल्या आईबापांसाठी आहे. १६ इंची सायकलीचा आस जमिनीपासून वीस सेंटिमीटरवर. अनेक स्वस्त सायकलींत बीबी त्या रेषेच्याही वर असतो. त्यामुळे सीट उंच होते, मुलाचे पाय जमिनीला पुरत नाहीत, भार वर जातो आणि शिकायच्या वयातलं मूल त्या उंच नंदीसारखं डगमगतं. मग आपण म्हणतो, पोरगं घाबरट आहे. पोरगं घाबरट नसतं. दुकानात दोन सायकली शेजारी लावून बघा. ज्या सायकलीचा बीबी खाली आहे आणि क्रँक आखूड आहे, तिच्यावर तेच मूल लवकर शिकतं.

बीबी उंच केला की बाकी सगळं जागच्या जागी राहत नाही. पाय वर गेले म्हणजे हँडल पायांच्या मानाने खाली आलं. ते तेवढंच वर न्यावं लागतं, नाहीतर पाठ दुमडून उभं राहावं लागतं. ट्रायल्स सायकलीचं हँडल इतकं उंच आणि पुढे का दिसतं आणि तिला सीट का नसते, ते यावरून लक्षात येईल. मागचा ब्रेकही जबरदस्त लागतो, दाबला की चाक दगडासारखं थांबलं पाहिजे. त्यासाठी खेळाडू रिमवर ग्राइंडर फिरवून ती खरबरीत करून घेतात, आणि मग प्रत्येक ब्रेकला ती किंचाळते. आमच्या प्लॉटशेजारच्या आजी त्या आवाजाला वैतागल्या होत्या. भाच्याने त्यांना एकदा बोलावून पॅलेटवरचा तोल दाखवला. आता त्या खुर्ची टाकून बसतात.

पुढच्या चाकाला मोठा शॉकअपचा चिमटा बसवून बीबी उंच करायची कल्पना बऱ्याच पोरांना सुचते. चिमटा चार सेंटिमीटरने लांब केला तर बीबी जमिनीपासून जेमतेम दीड सेंटिमीटर वर जातो, कारण तो मागच्या चाकाच्या जवळ आहे. सुतळी जमिनीला समांतर राहते, हँडलचा दांडा मात्र दोनेक अंश मागे कलतो आणि सायकल जागच्या जागी वळायला जड होते. ट्रायल्समध्ये जागच्या जागी वळणं हाच तर श्वास. वेल्डिंगवाल्याकडून बीबीचं नळकांडं कापून वर जोडून घेणं त्याहून वाईट. नळकांडं किंचित वाकडं बसलं तरी साखळी उतरते, आणि जोडाजवळची तापलेली नळी पुढे कधीतरी, उडीतून टेकताना, तुटते. तिथेच अंगाचा सगळा भार असतो. हे कुणीही करू नये.

भाच्याला परदेशी बनावटीची, सुतळीच्या आठ सेंटिमीटर वर बीबी असलेली सायकल हवी होती. त्याच्या आईने किमतीकडे बघून नाही म्हटलं; मी आकड्याकडे बघून नाही म्हटलं. जागच्या जागी उभं राहणं, पुढचं चाक उचलून पॅलेटच्या कडेवर ठेवणं, दोन्ही चाकांनी एकदम उडी मारणं, हे पहिल्या वर्षाचे धडे सगळे दोन चाकांमधले आहेत. तिथे बुटका नंदीच उपयोगी. मागच्या चाकावर मनात दहा आकडे म्हणेपर्यंत थांबता आलं की सुतळीच्या दोन-तीन सेंटिमीटर वरचा बीबी घ्यावा. सहा-आठचा आकडा त्यानंतरचा, स्पर्धेत उतरणाऱ्याचा. जुन्या सायकलीवर भाचा आता मनात सातपर्यंत पोचतो.

सायकल घ्यायला जाल तेव्हा खिशात दोन मीटर सुतळी आणि एक पट्टी न्या. विक्रेता चाकाचा आकार, गिअर आणि रंग सांगेल. बीबीचा आकडा बहुधा सांगणार नाही. दोन आसांना सुतळी लावा आणि स्वतः मोजा.